ऊम फ्लोरिसचं पातेलं

४ एप्रिल
एल्साबेच्या वडिलांचा, ऊम फ्लोरिसचा निरोप आला. ऊम म्हणजे काका, इकडे सगळ्या वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. पोरीला मागणी घालायची तर रविवारी आमच्याकडे जेवायला ये, आणि जेवण कसं झालं ते आमच्या आफ्रिकान्समध्ये सांग. एवढंच! दक्षिण आफ्रिकेतल्या या कॅल्विनिया गावच्या बँकेत चार वर्षं काढली, ही भाषा रोज कानावर पडते. बोललो नाही ते केवळ कामाच्या रगाड्यामुळे. रविवारपर्यंत अस्खलित.

५ एप्रिल, सकाळ
व्याकरण उघडलं. क्रियापद बदलतच नाही! मी, तू, ते, सगळ्यांना एकच. असली भाषा दुपारच्या डुलकीतही येईल. गोड म्हणजे सूट, आंबट म्हणजे स्यूर, खारट म्हणजे सोट, फक्कड म्हणजे लेक्कर. पाठ. बाकी उद्या.

६ एप्रिल
बाकी झालं नाही. रग्बीची मॅच होती. तीही त्यांचीच संस्कृती, म्हणजे अभ्यासच.

७ एप्रिल
एल्साबेची कॉफी पिऊन म्हणालो, 'दिट इस नी स्यूर नी.' नकार दोनदा द्यावा लागतो. ती म्हणाली, कॉफी आंबट नाही हे सांगायची काय गरज रे बाबा? रविवारी नुसतं लेक्कर म्हण आणि गप बस. माझी प्रगती पाहून गांगरली बिचारी. एका शब्दावर भागवायला मी काय बालवाडीत आहे?

९ एप्रिल, रविवार, दुपार
त्यांच्या बाथरूममधून लिहितोय.

अंगणात विस्तवावर तीन पायांचं बिडाचं पातेलं. तळाशी मटण, वर बटाटे, त्यावर भोपळा, थरावर थर. भोवती काकामंडळी खुर्च्या टाकून बसलेली. सकाळपासून झाकण बंद, कुणी काडीचं काम करत नाही! ऊम फ्लोरिस लाकडं आणायला गेले. म्हटलं, वाक्यं जुळवायची तर चव आधी कळायला हवी. झाकण काढलं. मटण खाली लागेल म्हणून पार तळापासून ढवळून दिलं. चाखलं आणि मोठ्यानं म्हणालो, 'लेक्कर!'

एका काकांनी टोपी काढून छातीशी धरली.

एल्साबे दाराबाहेरून सांगतेय, एकदा थर लावले की ते पातेलं कुणी ढवळत नाही, लग्नाला तीस वर्षं होऊन आईनंही कधी चमचा घातला नाही, बाहेर ये. येतो म्हटलं. माफीचे शब्द चवींच्या धड्यात नव्हते.

१० एप्रिल
शांतपणे विचार केला. गैरसमज झालाय. भोपळा सगळ्या मटणाला सारखा लागला, याचं श्रेय कुणी देत नाही. जेवताना मी पाच वाक्यं बिनचूक म्हटली. ऊम फ्लोरिस म्हणाले, 'थँक यू.' इंग्रजीत! फार लागलं मनाला.

१६ एप्रिल, रविवार
पुन्हा बोलावलं! म्हणजे सगळं ठीक. खुर्ची मात्र फाटकापाशी, कुत्र्याशेजारी. त्यालाही विस्तवाजवळ यायची बंदी आहे. एल्साबेनं वडिलांना लग्नाचं विचारलं. ते म्हणाले, शिजतंय, झाकण उघडू नका.

अजून किती वेळ लागेल, एवढंच विचारायला मी उठलो. एल्साबेनं माझे दोन्ही हात धरले आणि माझ्याच खिशात घातले.