वहिनी सभेत उठल्या तेव्हा

रविवार, संध्याकाळ

नारायण पेठेतल्या सभागृहात आज फाशीवर चर्चा होती. वहिनींना घेऊन गेलो. त्यांच्या निनादचा, माझ्या पुतण्याचा, खून करणाऱ्याला फाशीची शिक्षा झाली आहे. अपील चालू आहे. एक वकील सांगत होते, दोरापेक्षा इंजेक्शन बरं, त्रास कमी. मनात म्हटलं, त्रास व्हायलाच हवा.

तेवढ्यात वहिनी उठल्या. माईक धरलेला हात जराही हलत नव्हता.

"दोर की सुई, ते तुम्ही ठरवा. पण माझ्या निनादच्या नावावर कुणाला मारू नका. ज्याला शिक्षा झाली त्या मुलाची आई कोर्टात माझ्या शेजारी बसते. मूल गेल्यावर घराचं काय होतं, ते मी बघतेय. तिच्या वाट्याला ते नको."

माईक परत देऊन त्या खाली बसल्या.

रिक्षात विचारलं, "वहिनी, राग गेला?"

"नाही हो भाऊजी. रोज येतो."

इतका राग पोटात ठेवून असं बोलता येतं? कुठून आणलं हे त्यांनी? मला अजूनही फाशीच हवी आहे. तरी घरी पोचल्यावर वाकून नमस्कार केला.

"हे काय मध्येच," म्हणाल्या, आणि कुकर लावायला आत गेल्या.