हळदीकुंकवाची झिप

१६ जानेवारी, दुपार
मंडळाच्या हळदीकुंकवाचे फोटो वाटायचं काम माझ्याकडे ओढून घेतलं. मालनबाईंना ते हेब्बाळच्या स्टुडिओत द्यायचं होतं. त्या अध्यक्ष, त्यांना सगळंच बाहेर द्यायचं असतं, पुरणपोळीसुद्धा. मी म्हटलं, अक्का, घरात कंप्युटर आहे, नात आहे, मी आहे. म्हणाल्या, सरी, चालेल, पण घोळ झाला तर पुढच्या वर्षीपासून स्टुडिओच. माझ्या हातून कधी घोळ होतो?

१७ जानेवारी
अक्षरा ऑफिसला निघता निघता शिकवून गेली. प्रत्येकीचं एक फोल्डर. सगळी एकदम निवडायची, दाबून बारीक करायची, प्रत्येकीची वेगळी झिप. व्हाइटफील्डची कॅब खाली हॉर्न मारत होती, म्हणून शिकवणं स्वल्प झालं. मला पुरे. मी चौथीपर्यंत गेलेय, सोळाचा पाढा तेवढा राहिला, तोही मास्तर आजारी पडले म्हणून. रजया दाबून ट्रंकेत बसवणाऱ्या बाईला हे काय जड.

१८ जानेवारी
कुलपाची युक्ती सुचली. गेल्या वर्षी मालनबाईंनी सगळ्यांचे फोटो बघून कोणी कुठली साडी परत नेसली ते जाहीर केलं होतं. म्हणून यंदा प्रत्येकीच्या झिपेला पासवर्ड. तिच्या नवऱ्याचं नाव. विसरायची नाही, आणि तोंडाने कोणाला सांगायचीही नाही.
अक्षरा म्हणे, आजी, नवऱ्यांची नावं दारावरच्या पाट्यांवर आहेत की गं. मी म्हटलं, दुसरीच्या नवऱ्याचं नाव कोण लिहील? चांगल्या घरच्या बायका आहेत.
माझ्या फोल्डरात मालनबाईंचा एक फोटो ठेवलाय. वाण वाटताना खुर्चीतच डोळा लागला, तोंड उघडं, हातात तिळगूळ. कोणाला दाखवायचा नाही. अधूनमधून बघायला.

१९ जानेवारी, सकाळ
झालं काम. मशीनने पासवर्ड एकदाच विचारला. मी ह्यांचं नाव घातलं. तोंडाने घ्यायचं नाही, बोटांनी चालतं. बाकीच्यांचं त्याचं ते बघून घेईल, फोल्डरांवर बायकांची नावं आहेतच. सगळ्या झिपा ग्रुपवर टाकल्या, जिची तिने उघडावी.

१९ जानेवारी, संध्याकाळ
शेजारच्या अहल्याची उघडत नाही. मी विचारलं, घरात भांडण झालंय का, नाव मनापासून घाल. मालनबाई रघुपतींचं नाव हर तऱ्हेने लिहून दमल्या. म्हणाल्या, एवढ्यांदा तर लग्नातसुद्धा घेतलं नव्हतं. उद्यापर्यंत उघडलं नाही तर स्टुडिओ.
ह्या बायकांना शिकवणं कठीण आहे.

२० जानेवारी
अक्षरा हसून हसून सोफ्यावरून खाली आली. म्हणे, एकदम सगळी दिलीस, मग कुलूपही सगळ्यांना एकच लागलं. आजोबांचं. रविवारी पुन्हा करून देते म्हणाली, पण मालनबाई रविवारपर्यंत कुठल्या थांबतायत.
म्हणजे ते नाव सगळ्यांना सांगायला हवं. आधी माझी झिप ग्रुपवरून काढली. सगळ्यांनी कालच उतरवून घेतली होती.
नाव तोंडाने कसं घ्यायचं? उखाण्यात चालतं. आवाज भरून पाठवला:
फोल्डराची केली घडी, घडीवर ठेवला पाट,
नागोजीरावांचं नाव घालून उघडा झिपेची गाठ.
चार बायकांनी टाळ्या पाठवल्या. काम वाचलं.

२० जानेवारी, संध्याकाळ
उघडेना. सगळ्यांनी मानाने राव लावला. मशीनमध्ये राव नाही, आणि रावाशिवाय मी म्हणायची नाही. शेवटी फोन ह्यांच्या हातात दिला. हे बाल्कनीत उभे राहून एकेकीला समजावतायत, राव नको हो, नुसतं नागोजी म्हणा.

२१ जानेवारी
सगळ्यांचं सगळं उघडलं. माझंही. तो फोटो मालनबाईंच्या आधी इतरांनी बघितला.
मालनबाई माझ्याशी बोलत नाहीत. ह्यांना फोन करून म्हणाल्या, नागोजी, पुढच्या वर्षीपासून स्टुडिओ, घरात सांगा. ह्यांनी सांगितलं, मालनबाईंच्याच आवाजात.
आणि हे आज सकाळपासून आंघोळ करून, भांग पाडून, फोनशेजारी बसलेत.