शिंपल्यांवरचा कॅमेरा

बारामती,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

प्रिय वृषालीताई,

तुला आणि दाजींना वाकून नमस्कार, इराला पापा. इकडे आम्ही दोघी सासू-सुना मजेत. थंडीनं सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

पत्र लिहायचं काय खूळ, म्हणशील. मोहित मस्कतला असले तरी मी फोन कुणाला केला हे तिकडून बघतात. नवऱ्याला तेवढा हक्क असतो म्हणे. म्हणून स्वयंपाकघरात बसून लिहितेय. पोळ्यांच्या छबूबाई उद्या तुमच्याच इंदापूरला लेकीकडे निघाल्यात, त्यांच्या हाती देते.

शिंपल्यांचं विचारलं होतंस. हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मोहितनी तीन जिवंत ठेवलेत. दिवा लागला की उघडतात, आतली निळी झालर बाहेर येते. सुंदर दिसतात, खोटं कशाला बोलू. माणसाची सावली पडली तरी मिटतात. टाकीतलं पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं, म्हणून फिल्टरचं गोडं पाणी रोज घालावं लागतं. त्यांच्यावर लक्ष ठेवायला कॅमेरा आहे. त्यातून मोहितचा आवाज येतो, "राजी, पाणी घातलंस का?" मी भाजी घेऊन उशिरा आले तरी येतो. दोन वर्षांत मी एक रात्र बाहेर राहिलेली नाही. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला वरकुट्याला आले नाही ते यामुळेच. तुला तेव्हा मला ताप आल्याचं सांगितलं होतं.

इंदापूरच्या शाळेची ऑर्डर आलीय, सोमवारी रुजू व्हायचं. मोहित म्हणाले, मग शिंपले कोण बघणार? विषय संपला.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. महिनाभर पाणी सासूबाई घालतात, तेवढंच तुझं काम हलकं म्हणून. आपण प्यायला ठेवतो तसं रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं, प्लास्टिकच्या मगातून. शिंपल्यांना तांबं म्हणजे विष. मोहितनी तसं कागदावर लिहून टाकीशेजारी चिकटवलंय. मी हंडा पहिल्याच दिवशी पाहिला आणि गप्प बसले, ताई. हे मेले तर मी सुटेन, एवढंच मनात आलं.

रविवारी एक गेला, मंगळवारी दुसरा. आ वासून पडले, वर हात धरला तरी मिटेनात. मला माझीच लाज वाटली. काल सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात हंड्यातून मग भरत होत्या, तेव्हा त्यांचा हात धरला. म्हटलं, "आत्या, तांबं त्यांना चालत नाही."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "वाचता येतंय मला. त्यांच्यापायी तू हितं कुजाय लागलीस."

तिथंच बसून आम्ही दोघी रडलो. मग प्लास्टिकच्या बादलीनं टाकीतलं बरंचसं पाणी बदललं. तिसरा आज उघडलाय, अर्धाच. दुपारी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि मोहितना सांगितलं, दोन मेले, चूक माझी. तिसऱ्याला आत्या बघतील. सोमवारी मी शाळेत रुजू होणार.

थोड्या वेळानं मोहितनी तिकडूनच कॅमेरा फिरवला. आता तो टाकीकडे बघत नाही, पुढच्या दाराकडे बघतो.

सासूबाईंनी परसदाराच्या कडीला तेल घातलंय. दाजींना म्हणावं, रविवारी दुपारी मोटरसायकल घेऊन मागच्या बोळात उभे राहा. हॉर्न वाजवू नका.

पिशवी भरून बसलेली,
तुझी राजी