पेटी गार राहिली पाहिजे

२ मे १९७४, सांगली
नवी नोकरी, नवी वही. वीस वर्षं फौजेत गाड्यांच्या पोटात डोकं घालून काढली. हवालदाराची पेन्शन घेऊन साताऱ्यात आलो आणि सहा महिन्यांत घरच्यांना नकोसा झालो. आमची बायको सुला म्हणाली, दिवसभर माझ्या चुलीला नावं ठेवण्यापेक्षा कुठंतरी कामाला लागा. लागलो. एका ट्रस्टचा फिरता दवाखाना आहे, त्याच्या गाडीवर ड्रायव्हर आणि मेकॅनिक दोन्ही मीच.

डॉक्टरीणबाई क्षमाताई, सांगलीच्याच, वय सव्वीस-सत्तावीस. मला काका म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाडीतली एक पेटी दाखवली. ट्रंकेएवढा फ्रिज, कुणा परदेशी पाहुण्यानं दान दिलेला, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. त्यात लसी राहतात. ताई म्हणाल्या, काका, बाकी गाडीचं काही बिघडलं तरी चालेल, ही पेटी गार राहिली पाहिजे. मी म्हटलं, ताई, आपण रणगाडे चालू ठेवलेत, ही तर दुधाची किटली. हसल्या. बरं वाटलं.

४ मे, मोरजाईवाडी
उंब्रजला चहा घेऊन आत वळलो. पुढं चौदा मैल रस्ता कसला, दगडांची पंगत. कंबर बसली. पण गाव झकास आहे. देवळासमोर मोठं आंब्याचं झाड, त्याखाली गाडी लावली. सरपंच लालासाहेब स्वतः मळ्यातनं उसाचा रस घेऊन आले. गावात वीज नाही, येईल येईल म्हणून नुसते खांब उभे आहेत.

पेटीचं गणित बसवलं. गाडीत दोन बॅटऱ्या, एक इंजिनाची, एक पेटीची. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर इंजिन चालवायचं म्हणजे डायनॅमो बॅटरी भरतो. पेटीवर काटा आहे, तो चार अंशावर ठेवायचा. ताई शाळेत झोपतात, मी गाडीत, पेटीला लागून. ती घुरघुरते. सुलापेक्षा कमी.

फक्त मला या उन्हाची उष्णता झालीय. तोंड आलंय, तळपाय जळतात. सब्जा भिजवून पितोय.

६ मे
पिसाळलेलं कुत्रं सकाळी वाडीतनं गेलं आणि पाच जणांना फाडलं. त्यात एक शालूबाई, राहीबाई म्हणून म्हातारी आहे तिची सून. पोटुशी आहे, सातवा महिना. पोटरीचा लचकाच तोडलाय. कुत्र्याला गड्यांनी मारलं, पण मारून काय उपयोग.

चौदा सुया, रोज एक, पोटात. ताईंनी आजच पाचही जणांना पहिली टोचली. पेटीत लस पुरेशी आहे, पाच जणांचं भागून एका माणसाची उरेल. मात्र ती तापली की पाणी. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा रोग एकदा डोक्यात चढला की माणूस वाचत नाही, कुणीच नाही. आणि दुसरी लस मिळायची नाही. रेल्वेचा संप होऊ घातलाय, पार्सलं आत्तापासूनच अडकलीत.

९ मे
डायनॅमो जळाला. सकाळी इंजिन चालू केलं आणि वास आला. उघडून बघतो तर आतली तार काळी ठिक्कर. इंजिन चालतं, पण बॅटरी भरत नाही.

लालासाहेबांनी माणूस साताऱ्याला पाठवला. नवा डायनॅमो यायला आठवडा. तोवर पेटी इंजिनाच्या बॅटरीवरही जोडली. तीही संध्याकाळपर्यंत बसली. आता गाडी हलतसुद्धा नाही. मी शहाणा. फौजेत हे केलं असतं तर पाठीवर बंदूक घेऊन पळवला असता.

१० मे
दोन्ही बॅटऱ्या बैलगाडीत घालून उंब्रजला चार्ज करायला धाडल्या. जायला एक दिवस, चार्ज व्हायला एक, यायला एक. बर्फ मागवला होता, तो इथं येईस्तोवर बारदान ओलं एवढंच उरलं. लस दुसऱ्या कशात ठेवायची? माठात ताई ठेवू देत नाहीत.

दुपारी काटा नऊवर. ताईंनी टोचलं, पण चेहरा उतरला होता. मला म्हणाल्या, काका, बारावर गेला तर मी टोचत राहीन, पण लागू पडेल असं सांगू शकणार नाही.

राहीबाई गाडीच्या दाराशी ऐकत उभी होती. घरी गेली आणि खण, नारळ, तांदूळ घेऊन आली. पेटीची ओटी भरायची म्हणाली. आता हे काय नवीन? पण माझ्यात नाही म्हणायचं त्राण नव्हतं. तिनं झाकणाला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, नि मला म्हणाली, आवं हवालदार, वस्तू तुमच्या ताब्यात हाय, नवस तुमीच बोला. माझ्या बोलण्यानं ती ऐकायची न्हाई.

मी हसलो. दमलेला माणूस कुठंही हसतो. झाकणावर हात ठेवून म्हटलं, माझ्या अंगात उष्णता लय झालीया बाई, ती तू घे, आणि कुत्रं चावलेलं शेवटचं माणूस टोचून होईतोवर गार राहा. म्हातारी हसली नाही. म्हणाली, असला नवस बोलत न्हाईत, द्यायची वस्तू नारळावाणी बाजूला काढता आली पायजे. मी म्हटलं, झालं आता बोलून.

११ मे
पेटी चालू आहे.

सकाळी घुरघुरीनंच जाग आली. म्हटलं बरं झालं. चहा घेतला, दात घासले, आणि मग डोक्यात प्रकाश पडला की बॅटऱ्या उंब्रजला आहेत. वायरची टोकं जमिनीवर उघडी पडली होती, त्यांच्यावरनं मुंग्या चालल्या होत्या. काटा चारवर.

ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आत काहीतरी शिल्लक प्रवाह असेल, हात लावू नका, चालतंय तोवर चालू दे. असा प्रवाह शिल्लक राहत नसतो. वीस वर्षं हेच केलंय मी. पण सहावी सुई टोचून झाली. शालूबाई माझ्याकडं बघून हसली. पोराला सांगीन म्हणाली, हवालदाराच्या पेटीनं तुला वाचवलं.

तोंड बरं झालं. तळपाय जळायचे थांबले. सब्जा बंद.

१३ मे
बॅटऱ्या आल्या, भरून. पेटीला जोडल्या. दिवसभरात त्यांच्यातलं टिपूससुद्धा उतरलं नाही. पेटी त्यांच्यातलं घेत नाही.

दुपारी सगळं गाव सावलीला, कुत्री जिभा काढून पडलेली. मी गाडीत, गाडीचा पत्रा चटका देणारा, आणि मला थंडी वाजत होती. लालासाहेबांकडनं घोंगडी मागून आणली. ते म्हणाले, काय थट्टा लावलीया का हवालदार?

१४ मे
आज खात्री करून घेतली. करायला नको होती.

सकाळी पेटी सोडून ओढ्यापर्यंत चालत गेलो. जसा लांब गेलो तशी ऊब आली. काय सुख वाटलं! उन्हात दगडावर पडून राहिलो, घाम आला तर रडू फुटलं. तासाभरानं परत आलो. ताई पेटीपाशी घाबऱ्या उभ्या. काटा अकरावर. मी आत बसलो, झाकणाला पाठ लावली. दहा. आठ. सहा. चार.

ताईंना वाटलं, मी काहीतरी दुरुस्त केलं. पाठ थापटली माझी. काय सांगणार? सांगितलं तर त्या मला लांब नेऊन बसवतील आणि पेटी तापेल. नऊ सुया झाल्यात. पाच राहिल्यात.

१५ मे
ताईंनी जबरदस्तीनं थर्मामीटर लावला. पारा चढलाच नाही. झटकून परत लावला. मग म्हणाल्या, खराब झालाय हा. स्वतःच्या तोंडात घालून बघितला, तर बरोबर साडेअठ्ठ्याण्णव. माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, म्हाताऱ्याचं रक्त, ताई, उशिरा तापतं.

राहीबाईनं ओळखलंय. संध्याकाळी आली, माझा हात हातात घेतला आणि सोडून दिला. मी विचारलं, नवस परत घेता येतो का? म्हणाली, बोललेला नवस फेडायचाच आसतो, पर दुसऱ्यानं अंगावर घेतला तर चालतंय. तिनं दोन्ही हात झाकणावर ठेवले, बराच वेळ काहीबाही पुटपुटली. काटा हलला नाही. मग तिथंच बसून रडली. म्हणाली, माझ्या म्हातारीच्या अंगात तरी काय उरलंय हिला न्यायला.

तिच्या सुनेसाठी चाललंय हे, मला त्याचा पस्तावा नाही. पण मी लय दमलोय.

१७ मे
डायनॅमो आला. बसवला. बोटांना नट कळत नव्हते, चार वेळा पाना पडला. इंजिन चालू केलं, पेटी जोडली. अँपिअरचा काटा शून्यावर. वायरीवर दव धरलंय, जोडलेल्या टोकापासून पेटीपर्यंत. मे महिन्यात.

आता गाडी चालते. पळून जाता येईल. सुलाला बघावंसं वाटतंय. पण दोन सुया राहिल्यात, आणि हा खडखडता रस्ता—ताई म्हणाल्या, काका, दोनच दिवस, मग घरी. दोन दिवस काय, निघतील.

१८ मे
तेरावी झाली. चहा ओठाला लावला तर गरम लागला नाही. कपात बोट बुडवून बघितलं. बोट लाल झालं, भाजलं. कळलं नाही मला.

श्वास दिसतो माझा. उन्हात.

१९ मे
चौदावी. पाचही झाले! शालूबाईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि दचकून उठली. लालासाहेबांनी गूळ वाटला. ताई लहान पोरीसारख्या रडल्या, मला म्हणाल्या, तुमच्यामुळं काका. राहीबाईनं पेटीपुढं नारळ फोडला, मोकळं कर आता म्हणाली.

आणि पेटी थांबली. खरंच थांबली. घुरघुर बंद. काटा पाच, सहा, सात. माझ्या छातीत ऊब—किती दिवसांनी. बोटांना मुंग्या आल्या. घोंगडी टाकून दिली. गाडी काढायला बसलो.

तेवढ्यात वरच्या वाडीकडनं बैलगाडी आली. आप्पासो म्हणून एक शेतकरी, त्याची बायको मनुबाई, पंचविशीची, कडेला तान्हं. दुसरंच एक पिसाळलेलं कुत्रं काल चावलंय. हाताला. लुगड्याची चिंधी बांधलेली.

ताईंनी पेटीकडं बघितलं. एका माणसाची लस उरलीच होती. मग माझ्याकडं बघितलं. काका, तापली नाही ना?

काटा आठवर. नाही म्हणायचं होतं. तापली ताई, गेली वाया, चला घरी. एवढंच. कुणाला कळलं नसतं. राहीबाई झाडाखाली उभी, मान हलवत होती, नका, नका.

ते तान्हं तिच्या छातीशी पीत होतं.

मी म्हटलं, टोचा. आत जाऊन झाकणाला पाठ लावली. घुर्र.

२० मे
दुसरी सुई. सुलाला पत्र लिहिलं ताईंच्या हातनं. येतो लौकर असं.

राहीबाई गरम विटा फडक्यात बांधून आणते. माझ्याजवळ ठेवल्या की गार.

२१ मे
तिसरी. ताईंना कळलं. म्हातारीनं सांगितलं. ताई ओढून बाहेर काढायला लागल्या—मी दार लावून घेतलं आतनं. सुई टोचायला फटीतनं बाटली देतो. ताई रडतायत बाहेर. मनुबाईला सांगू नका म्हटलं. तिला खायला घाला. दूध पाजतीय ती.

बहुतेक २३
पाचवी. पेन बोटाला चिकटलंय. दहा—नाही, नऊ राहिल्या. नऊ दिवस.

काटा चारवर. चारवरच. गुणाची पेटी—

सहावी
बाटली दिली. हात दिसला ताईंना, किंचाळल्या. त्यांचं बोट लागलं, केवढं गरम—

सुला चुलीपाशी असेल आत्ता—

सात
आठ राहिल्या का सात
काटा पाच. सहा. माझ्यात आता कमी पडतंय तिला—
अजून आहे, बघ, छातीत थोडं आहे, घे, सात सुया तेवढ्या—