मेंदी न लागलेले चाळीस

५ ऑक्टोबर, होशाब

होतमानने आज सगळ्यांदेखत सांगून टाकलं — जमिनीखालचा जुना पाट पुन्हा उकरून झाला, आता पाण्याची पाळी त्यालाच, ज्याचा पूर्वज खिंडीच्या लढाईत उभा होता. "तुमचा कोण होता रे?" मेंदी लावलेली लाल दाढी कुरवाळत मला विचारतो. त्याचे पूर्वज म्हणे त्या चाळीस तलवारवाल्यांतले. आमचेही म्हणे! पण त्याच्या बाजूने म्हणायला शंभर तोंडं, आमच्या बाजूने शेरान काका आणि मी.

पाळी ठरवायची बैठक एकवीसला. बुलेद्याच्या म्हाताऱ्या शंबेला लढाईचं अख्खं गाणं येतं. जातो. पाळी गेली तर खजुरीची सतरा झाडं गेली.

८ ऑक्टोबर

पिकअप बिघडली, ती वाटेतच बसली. चहावाल्याशी वाद. तो म्हणे आपण बलोच हलबहून, म्हणजे पार सीरियातून आलो, वाटेत किरमान, मग सिस्तान, मग इथे. शाळेतला मास्तर सांगायचा कॅस्पियनच्या काठावरून. मी म्हटलं, कुठूनही असो, निघालो होतो हे नक्की. चहावाला म्हणाला, "तू अजून पोचला नाहीस, एवढंच."

१२ ऑक्टोबर

अजून पोचलो नाही. दोष माझा. एका लग्नात उंटांची शर्यत होती. तीन दिवस गेले. उद्यापासून पायी, आणि कुठेही थांबणार नाही.

१५ ऑक्टोबर, बुलेदा

पोचलो. दारातच म्हटलं, "उस्ताद, खिंडीचं गाणं —"

"आधी पाणी पी. मग हाल दे," शंबे म्हणाला.

बसलो. हाल दिला: कुठून आलो, वाटेत पाऊसपाणी कसं, कोण मेलं, कोण जन्मलं, काम काय. त्याने बोटांवर दिवस मोजले.

"तीन कमी पडतात."

उंटांचं सांगावं लागलं. हसला नाही. "अर्धा हाल देणारा आणि खोटा हाल देणारा, दोघांची चटई एकच. हे घरी शिकवलं नाही?"

कान तापले.

१६ ऑक्टोबर

गायला. दात नाहीत, पण आवाज! लाशारी टोळीचे घोडे, रिंद टोळीच्या ढाली, खिंडीत चाळीस जण — आणि ती ओळ आली. आमच्या प्रत्येक लग्नात गातात ती. 'मेंदी न लागलेले चाळीस हात.' मी मान डोलावली. हात फक्त तलवारीसाठीच, असाच अर्थ आम्ही धरतो.

तो थांबला. "गाढवा, बलोचाच्या हाताला मेंदी कधी लागते?"

"लग्नात."

"मग?"

मग माझ्या डोक्यात शिरलं. चाळीसही बिनलग्नाचे होते. चाळीसही तिथेच पडले. त्यांचा वंश कुठला?

"चाळिसांखेरीज एक होता, तो वाचला," शंबे म्हणाला. "ढोलवाला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यावर आपल्यात तलवार उचलत नाहीत. त्याचे दोन मुलगे. एक माझ्या घराण्याचा मूळपुरुष. दुसऱ्याने ढोल टाकून खजूर लावली — होशाबला. तुमचं घर त्याचंच."

आम्ही ढोलवाल्याचे. होशाबमध्ये ढोलवाल्याला पंगतीतही शेवटी बसवतात.

तो हळूच म्हणाला, "एक शब्द बदलू? 'मेंदी लागलेले' असं गातो, म्हणजे चाळिसांनाही वंश. तू शिकून जा. मी गेल्यावर कोण तपासणार?"

१७ ऑक्टोबर

शब्द बदलला नाही. ओळ होती तशीच पाठ केली. म्हाताऱ्याने माझ्या खिशात खजूर कोंबले.

१९ ऑक्टोबर

चाललोय. वाटेत दोन ठिकाणी लग्नं. थांबलो नाही.

२१ ऑक्टोबर, होशाब

हाल होतमाननेच विचारला. सगळा दिला — उंट, मेंदी, ढोल, सगळं. शेरान काकांनी मान खाली घातली. मागून कुणीतरी हसलं, "ढोलवाल्याचा नातू!"

मग काकांनीच मान वर केली. "होतमान, आमचा माणूस खिंडीत उभा होता, एवढं तरी ठरलं. ते चाळीस तर बिनलग्नाचे. तुम्ही कुणाचे?"

होतमानचा हात दाढीवर होता, तो तिथेच राहिला.