खोटं बोलायचं नाही, हा नियम

लातूर, मंगळवार, दिवेलागण

पंचशील पाळून हा तलवारी-जादूगारांचा गेम पूर्ण करायचा आणि रोज काय झालं ते इथं लिहायचं, हे मीच ठरवलेलं. जीव घ्यायचा नाही, चोरायचं नाही, खोटं बोलायचं नाही. हरलो तरी मागचा सेव्ह उघडायचा नाही.

आज गेममधल्या म्हातारीनं मला भाकर दिली. तिच्या माळ्यावर एक पळून आलेली पोरगी लपली होती. राजाचे शिपाई दारात आले. आत कुणी आहे का, म्हणून मलाच विचारलं. उत्तरं दोनच होती. मी 'हो, माळ्यावर आहे' हे खरं उत्तर निवडलं. दोघींना ओढत नेलं. चुलीवरची दुसरी भाकर तशीच जळत राहिली. नियम पाळला की. मग असं घाण का वाटतंय?

तेवढ्यात देगलूरहून दाजींचा फोन.

"सुषमा तिकडं आली का? खरं सांग."

ताई माझ्या मागंच एका हातानं लसूण सोलत होती. दुसरा हात प्लास्टरमध्ये. तो दाजींनीच मोडलाय. तिचं सोलणं थांबलं.

"न्हाई दाजी, हिकडं कुणीच न्हाई आलं."

"आईची शपथ घे."

"आईची शपथ."

त्यांनी फोन ठेवला. पटलं का त्यांना? आवाजावरून काहीच कळलं नाही. स्क्रीनवर ती भाकर अजून जळतेय, म्हातारीचं दार सताड उघडं.

ताईनं उठून आमच्या दाराला कडी लावली. देगलूरहून लातूरची शेवटची एसटी अजून सुटायची आहे.