वरच्या खोलीला गळती नाही

धुंदलवाडी, ता. डहाणू
१९ फेब्रुवारी २०१९

चि. धनेश,

ताईचे आशीर्वाद. प्रगतीची पाठ आता कशी आहे? मुलांच्या परीक्षा जवळ आल्या असतील. माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण ते काय, मीही कुरकुरते.

फोनवर तू बोलतोस, मी ऐकते, मग ठाण्याच्या ऑफिसात तुला कोणीतरी हाक मारतं आणि तू फोन ठेवतोस. टेलिफोन खात्यात जन्म काढूनही मला माझं वाक्य पुरं करता येत नाही. म्हणून पत्र.

आधी तुझ्या पाहुण्यांबद्दल. इंटरनेटवर भाड्याने राहायला येणाऱ्यांसाठी टाकलेल्या आपल्या घराच्या फोटोखाली तू 'शांत आणि निश्चल निसर्ग' असं लिहिलं आहेस. त्यातलं निश्चल काढून टाक. नोव्हेंबरपासून इथली जमीन हलते आहे, हे तिकडच्या पेपरातही येत असेल. मागच्या आठवड्यात अंधेरीचा एक मुलगा कॅमेरा स्टँडवर लावून अंगणात बसला. मला विचारतो, "आंटी, नेक्स्ट कितीला आहे?" जणू मी एस.टी.च्या चौकशी खिडकीत बसले आहे. दिवसभर काही हललं नाही, तर जाताना तोंड वाकडं करून गेला. त्याच्या आधीच्या एका बाईंचा चहाचा कप बशीत वाजला, तर त्यांनी माझ्या बशीला नावं ठेवली.

संगीता कामाला येते, पण जिना चढायला तयार नाही. म्हणते, "बाय, तुमी वर जा, मी खालून चादर फेकते." मी काय सर्कशीत आहे? शेवटी मीच चढायचे, मीच चादरी घालायचे, आणि ती खालून मला लवकर उतरायला सांगायची.

तू म्हणालास, पाहुण्यांना सांग, खाणीत सुरुंग लावतात. किती सोपं. आमच्या नन्सच्या शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलीला सिस्टर वर्गासमोर उभं करून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायच्या, तिचं तिलाच ऐकवेनासं होईपर्यंत. तरी मी सांगत राहिले. धंदा तुझ्या डोक्यातून निघाला, घर दोघांचं, आणि एकदा घाबरून पळालेला पाहुणा परत येत नाही, हेही खरं.

आता होळीला बारा माणसं घेतलीस, मला न विचारता. वरची खोली तोवर उघड, असा परवा हुकूम सोडलास. त्या खोलीला गळती लागली आहे, असं मी तुला सांगितलं होतं. फेब्रुवारीत गळती कशी लागते, हे तुला विचारावंसंही वाटलं नाही.

——

२० फेब्रुवारी

काल इथवर लिहिलं आणि टेबल हललं. पेन टाकून अंगणात गेले, ते पुन्हा आत यायचं मन होईना. आज पुढे लिहिते, आणि जे लिहायचं टाळत होते तेच लिहिते.

गळती नाही. या महिन्याच्या सुरुवातीला वापीचं कुटुंब आलं होतं. आजी, म्हणजे त्यांच्या बा, मुलगा, सून आणि एक नात, नुकती बोलायला लागलेली. दुपारचं जेवण उरकत असताना चांगला जोराचा धक्का बसला. ताटं वाजली. बा माझ्याकडे वळल्या.

"बेन, आ शुं हतुं?"

"खाणीत सुरुंग फोडतात, बा. रोजचंच आहे."

"तो कंई नहीं," त्या म्हणाल्या आणि नातीला घेऊन वर झोपायला गेल्या. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून विश्वास ठेवला असेल.

थोड्या वेळाने वीज गेली. बा नातीला खांद्यावर टाकून तणतणत खाली आल्या. पंखा चालत नाही तर भाडं कसलं घेता, असं त्यांचं सुरू झालं. मी तरी कुठे कमी? वीज मी चुलीवर बनवत नाही, असं मी त्यांना सुनावत होते, तेवढ्यात दुसरा धक्का आला. वर काहीतरी कोसळलं. मी जिना चढून गेले. कौलांखालची तिकोनी भिंत आत पडली होती. सगळ्या विटा पलंगावर. उशी दिसतच नव्हती.

मी खाली येऊन त्यांना म्हटलं, निघा, आत्ताच्या आत्ता. वर कोणालाही जाऊ दिलं नाही, बॅगा मीच आणल्या. का ते मात्र सांगितलं नाही. तेवढी हिंमत झाली नाही. त्यांनी मग तुझ्या त्या साइटवर आपल्याला एक स्टार दिला आणि मालकिणीने उद्धटपणे हाकलून दिलं, असं लिहिलं. त्यावरून तू मला फोनवर पाहुण्यांशी कसं वागावं ते शिकवलंस. मी तुला भिंतीऐवजी गळतीचं सांगितलं.

तेव्हापासून मी तुझ्या त्या झोपडीत झोपते. पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून तू अंगणात कारवीच्या काटक्यांच्या कुडाची बांधलीस ती. मी तिला नाटकाचा सेट म्हणाले होते. पण कूड अंगावर आला तरी माणूस मरत नाही. संगीता आणि तिची मुलंही तिथेच असतात. हसायचं तर हस.

होळीच्या त्या बारा जणांपैकी एक बाई मागे पुरणपोळीची चौकशी करायला माझ्याशी बोलल्या होत्या. आज सकाळी मी त्यांना फोन लावला आणि खरं ते सांगितलं. येऊ नका म्हटलं. त्यांनी आभार मानले आणि विचारलं, "मग तुम्ही तिथे कशा राहता?" चारोटीच्या नाक्यावरच्या आपल्या बोर्डावर संगीताच्या नवऱ्याकडून गोणपाट बांधून घेतलं आहे. तू चिडशील. चिड. यापुढे कोणाला सुरुंगाचं सांगायचं असेल, तर इथे येऊन, त्यांच्या पोरांकडे बघून तूच सांग.

आणि हेही लिहिते, कारण फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही. मला भीती वाटते, धनेश. घर बंद करायचं ठरलं, तर कुलूप दोघांनी मिळून लावू. माझ्या एकटीच्या हाताने ते लागत नाही.

ये. दिवसाउजेडी ये. प्रगतीला आणि मुलांना आणू नकोस.

अंगणात वाट बघणारी,
तुझी ताई